महासाथीनंतर कोणी कोणाला सावरले?

दिवेलागण (धागाकर्ती)

माझ्या कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात एक पारदर्शक पिशवी आहे. तिच्या तोंडाला चिकटपट्टी लावलेली असून वर जाड काळ्या शाईत आईचे नाव, वय आणि खाटेचा क्रमांक लिहिलेला आहे. आत चष्मा, फोनचा चार्जर, एकच चप्पल आणि घडी घातलेला रुमाल आहे, एवढे बाहेरूनच दिसते. आई गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या कर्मचाऱ्याने ती पिशवी एका टेबलावर ठेवली, तो चार पावले मागे सरकला आणि मग मी पुढे होऊन ती उचलली. त्यानंतर आजतागायत मी ती उघडलेली नाही.

आमची शेवटची भेट फोनच्या पडद्यावर झाली. ती जेमतेम चार मिनिटांची होती आणि त्यातली निम्मी ‘आवाज येतो आहे का’ यातच गेली. अंत्यविधीला हजर राहण्याची परवानगी मिळाली नाही. भेटायला कोणी येऊ शकत नव्हते, मीही कोणाकडे जाऊ शकत नव्हते, त्यामुळे ज्या टेबलाशी बसून तो फोन घेतला होता, त्याच टेबलाशी बसून नवव्या दिवशी मी कामाला सुरुवात केली. सगळे म्हणत होते की तू फार खंबीर आहेस, आणि मलाही ते खरे वाटले. पुढे अडीच वर्षांनी एका कार्यालयात रांगेत उभी असताना पुढच्या माणसाने हातावर सॅनिटायझर घेतले, त्याचा वास आला आणि माझे पायच गळाले. मी तिथेच जमिनीवर बसले. लोकांना वाटले की चक्कर आली असेल. मीही तेच सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नेहमीच्या मानाने सुमारे १ कोटी ४९ लाख मृत्यू अधिक झाले, आणि महासाथीच्या पहिल्या वर्षात चिंताविकार व नैराश्य यांचे जगभरातील प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले. हे आकडे मी कितीदा तरी वाचले आहेत. आणीबाणी संपल्याची तारीख मात्र मला दर वेळी खटकते, कारण माझी आणीबाणी तर त्या रांगेत सुरू झाली होती.

‘रेझिलियन्स’ या शब्दाला लवचिकता, चिवटपणा, कणखरपणा असे प्रतिशब्द सुचवले जातात. ती सगळी एकेकट्या माणसाच्या अंगच्या गुणांची नावे आहेत. रोजच्या बोलण्यात आपण ‘सावरणे’ हे क्रियापद वापरतो आणि त्याची खुबी अशी की ते दोन्हीकडे चालते: ‘मी सावरले’ असेही म्हणता येते आणि ‘तिने मला सावरले’ असेही. महासाथीच्या काळात पहिल्या अर्थाचेच कौतुक फार झाले, त्यामुळे ज्याचा तोल गेला त्याला आपल्यातच काहीतरी कमी असल्यासारखे वाटत राहिले. दुसऱ्या अर्थाचा हिशेब कोणी ठेवलाच नाही.

म्हणून हा धागा. त्या काळात तुम्हाला कोणी सावरले, तुम्ही कोणाला सावरले आणि कोणत्या गोष्टीने सावरण्याऐवजी आणखी दुखावले, हे इथे लिहावे अशी विनंती आहे. उपदेश नको, अनुभव आणि माहिती हवी आहे.

पानगळ

तुमच्या दुःखाविषयी पूर्ण आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. हल्ली प्रत्येक गोष्टीला ‘ट्रॉमा’ म्हणण्याची सवय लागली आहे. त्या वर्षांत घरोघरी कोणी ना कोणी भोगले. मीही सख्खा भाऊ गमावला. पण जखमेची खपली पुन्हा पुन्हा काढली तर ती भरणार कशी? बहुतेक माणसे आपापल्या कामाला लागली आणि हळूहळू मार्गी लागली. याला दुःख दडपणे म्हणायचे की शहाणपण? सगळ्यांना धरून धरून बोलते करण्याचा जो आग्रह चालला आहे, तो मला पटत नाही.

काठावरून

मी अठरा वर्षे समुपदेशनाचे काम करते आहे. पानगळ यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे, आणि तो आमच्याच क्षेत्राने ठेच खाऊन शिकलेला आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

१९८० च्या दशकात अशी एक पद्धत रूढ झाली की आपत्तीनंतर एक-दोन दिवसांतच माणसांना बसवून घडलेले सगळे तपशीलवार सांगायला लावायचे. हेतू चांगला होता. पुढे चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा, २००२ च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था), असे आढळले की अशा एकाच बैठकीने आघातोत्तर ताणविकार टळत नाही, आणि एका चाचणीत तर वर्षभरानंतर त्याचे प्रमाण उलट वाढलेले दिसले. तेव्हापासून ज्याची तयारी नाही त्याला खोदून विचारू नये, असेच शिकवले जाते. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने सहकारी संस्थांसह मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिचा गाभा पाहा, ऐका आणि जोडून द्या एवढाच आहे. कोण धोक्यात आहे ते पाहायचे. जो बोलेल त्याचे ऐकायचे आणि जो बोलणार नाही त्याच्याजवळ नुसते बसायचे. मग औषध, निवारा, माहिती, आप्त यांपैकी ज्याची नड असेल तिथपर्यंत त्याला पोहोचवायचे. हे शेवटचे काम लोकांना मानसोपचार वाटतच नाही. परंतु कोणत्या रुग्णालयात नेले आहे हेच ठाऊक नसलेल्या घराला ‘तुमचा माणूस अमुक ठिकाणी आहे’ असे कळवण्याइतका दुसरा रामबाण उपाय त्या दिवसांत माझ्या हाती नव्हता.

बहुतेक माणसे मार्गी लागतात, हेही खरे आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांनी २००४ साली मांडले होते की मोठ्या आघातानंतर सर्वाधिक लोक ज्या वाटेने जातात, ती फारशी न ढळता रोजचे जीवन चालू ठेवण्याचीच असते. आत्महत्यांची मोठी लाट येईल असे भाकीत पुष्कळांनी केले होते, परंतु २१ देशांच्या आकडेवारीवर आधारलेल्या २०२१ च्या अभ्यासात पहिल्या काही महिन्यांत एकंदर वाढ दिसली नाही. पुढे जपानमध्ये २०२० च्या उत्तरार्धात, विशेषतः स्त्रियांमध्ये, ती झाली. ‘बहुतेक’ या शब्दाची अडचण इथेच आहे. त्या शब्दाबाहेर जे उरतात त्यांची नावे सरासरीत दिसत नाहीत.

आता न पटलेला अर्धा भाग. महासाथीतले दुःख नेहमीच्या दुःखासारखे नव्हते. १९७० च्या दशकात पॉलीन बॉस यांनी ‘संदिग्ध वियोग’ ही कल्पना मांडली: माणूस गेला खरा, पण त्याच्या जाण्याला डोळ्यांनी पाहिलेला शेवट नाही. केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा शोकाविषयी लिहिले, ज्याला भोवतालची माणसे शोक म्हणून मान्यताच देत नाहीत. ‘इतके लोक गेले, त्यात तुमचे एक’ हे वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकले, आणि ते ज्यांना ऐकावे लागले त्यांनी पुढे बोलणेच सोडले. लांबलेल्या शोकाला आज विकार म्हणून मान्यता आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांचा, तर अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या मार्च २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी वर्षभराचा कालावधी धरला आहे. दिवेलागण यांना तसे काही झाले आहे, असे मी इथे बसून म्हणणार नाही. वासाबद्दल मात्र सांगते. इतर संवेदना मेंदूत थॅलॅमस नावाच्या टप्प्यावरून पुढे जातात. वासाचा मार्ग तो टप्पा टाळून भीती आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत पोहोचतो. विचार करायला सवड मिळण्याआधीच पाय गळतात, त्यात नवल काहीच नाही.

आणखी एक मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००७ साली स्टीव्हन हॉबफॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामूहिक आघातानंतरच्या मदतीची पाच तत्त्वे मांडली: सुरक्षितता, शांतपणा, आपल्याला व आपल्या समूहाला काही करता येते ही जाणीव, परस्परसंबंध आणि आशा. पूर किंवा भूकंप आला तर पहिले आणि चौथे तत्त्व हातात हात घालून चालते, कारण माणसे एका छपराखाली जमतात आणि तिथेच सुरक्षितही होतात. या महासाथीत ती दोन तत्त्वे एकमेकांच्या विरोधात उभी राहिली. जो जवळ येईल त्याच्यापासूनच धोका होता. ‘सामाजिक अंतर’ हा शब्द चुकीचा संदेश देतो हे ओळखून मार्च २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली, पण तोवर पहिला शब्द रुळला होता आणि पुष्कळांनी तो अक्षरशः पाळला.

जुनी वही

आमच्या वसाहतीत आम्ही सात जणांनी फोनची साखळी चालवली. प्रत्येकाकडे पंधरा घरे आणि एक शंभर पानी वही होती. वहीत आधी चारच रकाने होते: घर, माणसे, औषधे, सामान. दुसऱ्या आठवड्यात एका आजोबांनी रक्तदाबाच्या गोळ्या मागवल्या, दोन दिवसांनी पुन्हा त्याच मागवल्या, आणि तिसऱ्यांदा मागवल्या तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गोळ्या संपलेल्याच नाहीत. त्यांना दाराशी कोणीतरी यायला हवे होते. त्या दिवशी मी पट्टीने पाचवा रकाना आखला, त्याला ‘बोलणे’ असे नाव दिले आणि त्यात मिनिटे लिहू लागलो. सुरुवातीला तीन-चार मिनिटे असत. महिन्याभरात त्या आजोबांच्या नावापुढे एकदा बावन्न मिनिटे लिहिलेली आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यातली निम्मी मीच बोललो होतो.

आमच्यापैकी कोणीही प्रशिक्षित नव्हते, त्यामुळे आपण नकळत काही बिघडवत तर नाही ना, अशी धाकधूक असे. पुढे वाचताना झिम्बाब्वेमधील हरारे शहरातल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ची माहिती मिळाली. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली सुरू केलेल्या त्या उपक्रमात वयस्क स्त्रिया दवाखान्याच्या आवारातल्या लाकडी बाकावर बसून लोकांचे ऐकतात आणि अडचणींतून एखादी हाताळता येईल अशी अडचण निवडायला मदत करतात. तिथल्या शोना भाषेत नैराश्यासारख्या त्रासाला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणे, असा शब्द आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर बाकावर येणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे उरली होती, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ती सुमारे ५० टक्के लोकांत होती. त्या स्त्रियांना प्रशिक्षण आणि देखरेख दोन्ही होते, हे विसरून चालणार नाही. आमच्याकडे फक्त वही होती.

धागाकर्तीने दुखावणाऱ्या गोष्टीही विचारल्या आहेत, म्हणून हेही लिहितो. पहिले तीन महिने सगळे एकमेकांसाठी धावत होते. आपत्तीचा अभ्यास करणारे या चढाला ‘मधुचंद्राचा काळ’ म्हणतात आणि नंतरच्या उताराला ‘भ्रमनिरासाचा काळ’. आमचा उतार एका वाक्याने सुरू झाला: आजार कोणी आणला? त्यानंतर दारे बंद झाली, दोन कुटुंबांनी साखळी सोडली आणि फोन उचलणे कमी झाले. त्याहूनही वाईट गोष्ट दुसऱ्या लाटेत कळली. आमच्या यादीत घरमालकांची नावे होती. मागच्या बाजूला एका खोलीत भाड्याने राहणारे दोन तरुण कोणाच्याच वहीत नव्हते. त्यांच्यापैकी एक तापाने फणफणला आहे हे आम्हाला सहाव्या दिवशी समजले, तेही पाण्याचे बिल द्यायला गेलेल्या माणसाकडून. तो वाचला. पुढे भेटल्यावर त्याने तक्रार केली नाही. ‘तुमचे काम छान चालले होते, आम्ही खिडकीतून बघत होतो,’ एवढेच तो म्हणाला.

शिकागोमध्ये जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी तिथल्या अगदी शेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली, तेव्हा जिथे रस्ते गजबजलेले होते आणि दारात माणसांचा वावर होता तिथे मृत्यू कितीतरी कमी आढळले. समूह सावरतो असे आपण म्हणतो, तेव्हा त्या समूहाची यादी कोणी केली हे मी आता आधी विचारतो.

पानगळ

दोन्ही प्रतिसाद दोनदा वाचले. माझे मत पूर्ण बदलले असे नाही. पण एक विचारायचे होते. भावाचा मुलगा आता आमच्याकडे असतो. सतरा वर्षांचा आहे, अभ्यास ठीक आहे, त्रास काही देत नाही. वडिलांविषयी मात्र त्याने इतक्या वर्षांत एकही शब्द काढलेला नाही आणि मीही विषय काढलेला नाही. खपलीची गोष्ट मी लिहिली ती बहुधा यामुळेच. याला विचारावे की विचारू नये?

काठावरून

मार्च २०२० ते एप्रिल २०२१ या चौदा महिन्यांत जगभरात १५ लाखांहून अधिक मुलांनी आई, वडील किंवा सांभाळ करणारे आजी-आजोबा गमावल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. त्यांतली पुष्कळ मुले तुमच्या पुतण्यासारखीच ‘त्रास न देणारी’ आहेत. घरातल्या मोठ्यांना आणखी दुःख नको म्हणून मुले गप्प राहतात आणि मुलांना दुःख नको म्हणून मोठे गप्प राहतात. दोघेही एकमेकांना जपत असतात.

समोरासमोर बसवून विचारू नका. चालताना, गाडीतून जाताना किंवा काही दुरुस्त करताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही अशा वेळी, त्याला विचारण्याऐवजी स्वतः भावाची एखादी आठवण सांगा आणि उत्तराची वाट पाहू नका. पुन्हा काही दिवसांनी दुसरी सांगा. या घरात हे नाव घेतले तर चालते, एवढे त्याला कळले की पुरे. मात्र झोप उडाली, मित्र सुटले किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखे बोलणे कानावर आले, तर जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा आणि तज्ज्ञांकडे न्या. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज अभ्यासांमध्ये खरा ठरलेला नाही.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका होते. आता त्या कामात नाही. तीन दिवस हा धागा नुसता वाचत होते.

दिवेलागण, त्या चार मिनिटांबद्दल आधी सांगते. टॅब्लेट प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असे आणि आमच्या हातांत मोज्यांच्या दोन जोड्या, त्यामुळे पडद्याला बोटाचा स्पर्शच कळत नसे. प्राणवायूच्या यंत्राच्या आवाजात पलीकडचे बोलणे बुडून जाई. ‘आवाज येतो आहे का’ हे वाक्य मी एका पाळीत कितीदा ऐकले असेल याची गणती नाही. त्या वेळी पुढच्या खाटेवरचा गजर वाजत असे आणि पलीकडून कोणीतरी आणखी एक मिनिट मागत असे. मी ते मिनिट कधी दिले आणि कधी दिले नाही. न दिलेली मिनिटे मला आजही आठवतात.

जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञांनी व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांवर उपचार करताना १९९० च्या दशकात ‘नैतिक जखम’ ही संकल्पना मांडली. भीतीने होणाऱ्या जखमेहून ती वेगळी आहे. जे योग्य आहे ते करता आले नाही, किंवा ज्यांच्यावर भरवसा होता त्यांनीच पाठ फिरवली, यातून ती होते. आमच्या कामासाठी टाळ्या वाजल्या आणि त्याच महिन्यात शेजाऱ्यांनी मला सांगितले की येताजाता जिन्याच्या कठड्याला हात लावू नका. दोन्ही गोष्टी मी ऐकून घेतल्या. समुपदेशनासाठी आम्हाला एक फोन क्रमांक दिला होता. तो पाळी संपल्यानंतर बंद असे. ज्या गोष्टीने मला धरून ठेवले ती एकच होती. संरक्षक पोशाख उतरवण्याच्या खोलीत आम्ही दोघी-तिघी दहा मिनिटे भिंतीला टेकून बसत असू. तिथे फारसे कोणी बोलत नसे.

त्या पिशव्या आम्हीच भरत असू. वस्तूंची यादी करायची, पिशवी बंद करायची, नाव लिहायचे आणि बाहेरून निर्जंतुक करायची, असा नियम होता. चप्पल एकच का, याचा अंदाज मी करू शकते. रुग्णाला एका कक्षातून दुसऱ्या कक्षात घाईने हलवताना चपला खाटेखाली राहत, आणि शोधायला परत जाणे शक्य होत नसे. यादीत ‘रुमाल १’ एवढेच लिहिले जाई. घडी घालावी असा नियम नव्हता आणि वेळही नव्हता. आम्ही काही जणी ती घालत असू. तुमच्या आईच्या रुग्णालयात मी नव्हते, त्यामुळे तिथले मला सांगता येणार नाही.

दिवेलागण (धागाकर्ती)

पानगळ, पुतण्याविषयी पुढे काही लिहावेसे वाटले तर जरूर लिहा. जुनी वही, तुमच्या पाचव्या रकान्यात माझे नाव असते तर बरे झाले असते, असे वाचताना वाटले.

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी स्टुलावर चढून पिशवी खाली काढली. उघडली नाही, दिव्याखाली धरून पाहिली. आई रुमालाची घडी कधीच घालत नसे. ती त्याचा बोळा करून मुठीत किंवा उशीखाली ठेवी, आणि त्यावरून मी तिला लहानपणापासून बोलत आले होते. पिशवीतला रुमाल चौकोनी घडीचा आहे, कडेला कड जुळवलेली.